रोज खानापूर–बेळगाव, महिन्यातून दोनदा चोर्ला घाट: स्विफ्टला सिरॅमिक ब्रेक पॅड घालू का?

खानापूर_रोड
नमस्कार मंडळी. पेट्रोल स्विफ्ट, ६२,००० किमी, पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचे पॅड संपत आलेत. रोज खानापूर–बेळगाव, आणि महिन्यातून दोनदा जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला उतरून साखळीकडे. घाटात बहुतेक वेळा चार माणसं आणि सामान असतं. तक्रारी तीन आहेत. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला कर्कश आवाज, अलॉयवर काळी भुकटी, आणि घाट संपता संपता पेडल नेहमीपेक्षा खोल जातं. मेस्त्री म्हणतो, सिरॅमिक घाला, तिन्ही जाईल. दर कंपनीच्या पॅडच्या जवळपास दुप्पट सांगतोय. घालू का? आणि घातले तर डिस्कपण बदलायला लागणार काय?

पाना_चौदा
दादा, तीन तक्रारींची कारणं तीन आहेत. एका पॅडने तिन्ही जाणार नाहीत.

काळी भुकटी सिरॅमिकने नक्की कमी होईल. जी पडते ती फिकट रंगाची असते आणि चाकाला घट्ट चिकटत नाही. (खानापूर भागातली तांबडी माती चाकावर बसणारच, त्याला कुठलाच पॅड उपाय नाही.) आवाज कमी व्हायची शक्यता बरी आहे, पण पिना आणि क्लिप नीट असतील तरच. पेडल खोल जाणं हे मात्र पॅडपेक्षा ब्रेक ऑइलचं लक्षण वाटतं. शेवटचं कधी बदललं?

अजून एक. ब्रेक लवकर लागेल म्हणून सिरॅमिक घेणार असाल तर घेऊ नका. चांगल्या ओरिजिनल पॅडपेक्षा गाडी कमी अंतरात थांबेल असं काही होत नाही. शांतपणा आणि स्वच्छ चाक, एवढ्याचेच जादा पैसे.

आणि आधी हे करा: दोन्ही पुढची चाकं काढून आतला आणि बाहेरचा पॅड वेगवेगळा मोजा. फक्त घर्षणाचा थर मोजायचा, मागची लोखंडी पट्टी धरायची नाही.

खानापूर_रोड
मोजलं. उजवीकडे आत ४, बाहेर ४.५ मिमी. डावीकडे आत २.५, बाहेर ५.५. ब्रेक ऑइल गाडी घेतल्यापासून बदललेलं नाही, फक्त लेव्हल बघितली जाते.

पाना_चौदा
मग सापडलं की. डाव्या कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) सरकत्या पिना जाम आहेत, नाहीतर पिस्टन मागे जात नाही. आपल्या गाडीत पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट्या जोराने कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन सरकली नाही की आतला एकटाच घासत राहतो. पॅड काढल्यावर कॅलिपर हाताने पुढे-मागे हलवून बघा. अडकला तर पिन, सहज हलला आणि पिस्टन क्लॅम्पनेही मागे जाईना तर पिस्टनचं सील.

२.५ म्हणजे हद्द झाली. ३ मिमीला बदलायचे असतात. या पॅडवर घाट नको.

उद्यमबाग_लेथ
घाटाचं गणित मांडतो, म्हणजे मेस्त्रीबरोबर वाद घालायला बरं पडेल.

माणसांसकट गाडी १२०० किलो आणि उतार समजा ६०० मीटरचा. वजन गुणिले ९.८ गुणिले उंची केलं की सुमारे ७० लाख ज्यूल होतात. ताशी ८० वरून एकदा गाडी थांबवायला साधारण ३ लाख ज्यूल लागतात. म्हणजे न्यूट्रलवर टाकून नुसत्या ब्रेकवर घाट उतरणं म्हणजे ८० वरून तेवीस-चोवीस वेळा गाडी उभी करणं. यातला बराच भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. ही उष्णता पॅड खात नाही, बिडाची डिस्क खाते आणि वाऱ्याला देते. बीड वापरतात तेही त्यासाठीच, त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमधून उष्णता भराभर पसरते.

आता फरक बघा. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये लोखंडी तंतू भरपूर, त्यामुळे डिस्कची थोडी उष्णता पॅडमधून पिस्टनकडे आणि ब्रेक ऑइलकडे जाते. सिरॅमिक उष्णता अडवतो. ऑइल थोडं वाचतं, पण डिस्क जास्त तापते. म्हणून वजन भरून सतत घाट करणाऱ्या गाडीला सिरॅमिक मी सांगत नाही. महिन्यातून दोनदा, दुसऱ्या गिअरमध्ये उतरणार असाल तर काही बिघडत नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. जरा जोरात दाबून वेग कमी करायचा आणि सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा मिळतो.

डिस्क बदलायलाच पाहिजे असं नाही. तिच्यावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मायक्रोमीटरने घासलेल्या जागी मोजा. व्हर्नियर कडेच्या उंचवट्यावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. लेथवर फेसिंग (पृष्ठभाग कातून सपाट) केल्यावर त्या आकड्याच्या खाली जाणार असेल तर नवीनच घ्या. जाडी पुरेशी, पेडल थरथरत नाही, चरे नाहीत, तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवं-तिडवं घासून जुन्या पॅडचा थर काढला तरी चालतं.

खानापूर_रोड
आणि दुकानात काय बघून घ्यायचं? बॉक्सवर तर सगळेच सिरॅमिक लिहितात.

निपाणीकर
बरोबर. किती टक्के सिरॅमिक असलं म्हणजे सिरॅमिक म्हणायचं, याला पक्कं माप नाही. पॅडच्या कडेला किंवा मागच्या पट्टीवर छापलेल्या कोडमध्ये शेवटी दोन अक्षरं असतात ती वाचा. पहिलं साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर ०.५५ पर्यंत. रोजच्या गाडीला एफएफ पुरे. पहिलं एफ आणि दुसरं ई असेल तर तापल्यावर पकड कमी होते, घाटवाल्यांनी तो सोडून द्यावा. बॉक्समध्ये शिम (पॅडमागची आवाज दाबणारी पातळ पट्टी) आणि क्लिप आहेत का तेही बघा. त्या नसल्या तर दुप्पट पैसे देऊनही चूं-चूं राहणार.

माझं मत विचाराल तर ओरिजिनल पॅड घ्या आणि वाचलेल्या पैशात ऑइल बदला. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल कोरडं असताना २३० अंशाला उकळतं, पाणी शोषल्यावर ही हद्द १५५ पर्यंत खाली येते. कणकुंबीच्या पावसाळी हवेत किती वर्षं राहिलंय ते तुम्हीच मोजा. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल खोल जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं.

पाना_चौदा
निपाणीकरांशी सहमत, पण चाक स्वच्छ हवं असेल तर सिरॅमिकलाही ना नाही. कुठलाही घाला, बसवताना एवढं सांभाळा.

चारही पॅड एकदम बदला, एका बाजूचे नको. पिस्टन मागे ढकलण्याआधी ऑइलची टाकी बघा, भरलेली असेल तर उतू जाऊन रंग खाईल. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पिना काढून पुसा, गंजून खड्डे पडले असतील तर नव्या घ्या, रबराचे बूटही. ग्रीस सिलिकॉनचंच, बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम. भुकटी हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नका, ती छातीत जाते. ब्रेक क्लीनर मारून ओली पुसा. मागचे लायनर (ड्रममधले ब्रेक शू) आणि त्यांचं ॲडजस्टमेंटही त्याच दिवशी बघून घ्या, मागचं ढिलं असलं की पुढच्यावर ताण येतो.

मग गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारा. पहिला दाब पोकळ जातो, हे विसरून गाडी बाहेर काढली की समोरची भिंत गाठली समजा.

शेवटी पॅड बसवून घेणं. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट गाडी चालती ठेवायची. गरम डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहायचं नाही, तिथे पॅडचा ठसा उमटतो आणि नंतर पेडल थरथरतं. पहिले ३०० किमी घाट टाळा.

खानापूर_रोड
उद्या डावा कॅलिपर उघडतोय. पिना, बूट आणि अर्धा लिटर डॉट ४ आणून ठेवतो. अर्ध्या लिटरात भागेल ना?

पाना_चौदा
पूर्ण बदलायला एक लिटर आणा. आणि सीलबंदच घ्या, दुकानात उघडून ठेवलेलं नको.