कानबाईच्या रात्रीसाठी फ्लॅशची छत्री: पांढरी की चंदेरी?

नमस्कार मंडळी,

नागपंचमीनंतरच्या रविवारी अमळनेरजवळ आमच्या गावी कानबाई, आमची खान्देशची देवी, बसणार आहे आणि भाऊबंदांनी फोटोंचं काम माझ्या गळ्यात घातलंय. फ्लॅश आणि तो लांबून उडवणारा ट्रिगर आहेत. पण समोरून थेट फ्लॅश मारला की कपाळं चमकतात आणि मागच्या भिंतीवर काळ्याकुट्ट सावल्या पडतात, म्हणून फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारी छत्री घ्यायची आहे. ३३ इंची, ४३ इंची, ६० इंची. पांढरी, चंदेरी, काळ्या अस्तराची. दुकानात विचारलं तर सगळ्याच चांगल्या! घर जुनं, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं आहे. सामान कमी हवं, येताना बॅगेत कळण्याचं पीठ यायचंय.

अमळनेरची माहेरवाशीण, न्यू जर्सी

———

ताई, राम राम.

घर धाब्याचं आहे हे सांगितलंस ते बरं झालं, सगळा निर्णय तिथेच आहे. फ्लॅटमध्ये पांढरं छत असतं, फ्लॅश वर वळवला की काम भागतं, छत्री लागतच नाही. धाब्याला वर काळपट लाकडं आणि माती. तिकडे मारलेला उजेड परत येतच नाही.

४३ इंची पांढरी घे, काळं अस्तर काढता-घालता येणारी. अस्तर काढलं की उजेड कापडातून आरपार जातो, घातलं की आतून उलटून येतो. म्हणजे एकीत दोन. मऊपणा हा उजेड माणसाच्या मानाने किती मोठा दिसतो त्यावर ठरतो. म्हणून छत्री लांब ठेवली तर ६० इंचीसुद्धा कडक वाटेल आणि हातभर अंतरावर ३३ इंची मऊ वाटेल. त्यात ६० इंची तुमच्या ओसरीत उघडली तर पाहुण्यांना बाहेर बसावं लागेल.

आरपारवाली अडचणीच्या खोलीत आणखी एका कारणाने बरी. तिचा दांडा मागे असतो, त्यामुळे ती चेहऱ्याच्या अगदी जवळ आणता येते. उलट्या छत्रीत दांडा माणसांच्या बाजूला येतो आणि रात्रभर जागणारी पोरं मध्ये पळत असतात, कुणाच्या डोळ्यात जायला नको. पण आरपारवालीचा थोडा उजेड मागेही फेकला जातो. छत्रीमागची भिंत चुन्याची पांढरी असेल तर सावल्या भरायला तो फुकटचा उजेड. निळी किंवा पोपटी असेल तर तोच रंग चेहऱ्यावर चढतो. भिंत बघ, मग अस्तर घालायचं की नाही ते ठरव.

चंदेरी नको. ती उजेड कमी खाते हे खरं, पण तिचा उजेड चरचरीत असतो. नथ, पितळी ताटं, घामेजलेले चेहरे, सगळं चमकेल. चंदेरी लागते ती मोठा घोळका लांबून घ्यायचा असतो तेव्हा.

पांढरी साधारण एक ते दीड स्टॉप उजेड खाते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेवढं धरून चाल. फ्लॅशचा झूम २४ ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान ठेव, नाहीतर छत्रीच्या मधोमध एक ठिपकाच उजळतो. आयएसओ ८००, एफ ४, शटर १/६० आणि फ्लॅशची ताकद १/३२ पासून सुरू कर. शटर यापेक्षा वेगवान केलं तर समईचा उजेड फोटोतून गायब होतो, आणि कानबाईपुढची समई गेली तर उरलं काय? फ्लॅशवर नारिंगी जेलचा, म्हणजे रंगीत पारदर्शक प्लास्टिकचा, तुकडा लाव, म्हणजे समई आणि फ्लॅश जवळपास एकाच रंगाचे दिसतील.

घोळक्याच्या वेळी मात्र छत्री मागे ने. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. पुढची रांग एक मीटरवर आणि मागची दोनवर असेल तर पुढच्या काकू पांढऱ्याफटक आणि मागच्या आत्या अंधारात. तेच तीन आणि चार मीटर केलंस तर मागे निम्म्याहून थोडा जास्त उजेड पोहोचतो, तेवढं खपतं. छत्री डोक्याच्या वर, एका बाजूला आणि तिरकी धर, म्हणजे चष्म्यांत तिचं पांढरं वर्तुळ दिसणार नाही.

स्टँडचं ओझं आणू नकोस. फ्लॅश आणि छत्री धरणारा छोटा ब्रॅकेट घे, खाली बांबू बांध आणि एखाद्या पुतण्याच्या हातात दे. "वर धर, अजून वर" म्हटलं की समजतं. कुठला स्टँड एवढं ऐकतो? दांडा ८ मिलिमीटरचा असला की बहुतेक ब्रॅकेटमध्ये बसतो. दुमडून हातभराची होणारी ४३ इंची मिळते, तीच बघ, पिठाला जागा राहील.

यावलवाला, टोरांटो

———

भो, एवढ्या भानगडीपेक्षा सॉफ्टबॉक्स, ती फ्लॅशवर चढवायची कापडी पेटी, का नाही?

शिकागोचे काका

———

काका, सॉफ्टबॉक्सचा उजेड आवरता येतो, छत्रीचा सगळीकडे सांडतो, हे कबूल. पण इथे काळ्या छताखाली थोडा सांडलेलाच हवाय. शिवाय जोडायला वेळ लागतो आणि त्या गर्दीत बसून जोडणार कुठे? सोमवारी विसर्जनाला नदीकडे निघाल्यावर मात्र छत्री घरीच ठेवायची. श्रावणातला वारा एका झोतात पुतण्यासकट उलटी करेल. तिथे उघडा फ्लॅश, अगदी कमी ताकदीवर.

यावलवाला

———

दोघांचे आभार. ४३ इंचीच मागवली. आजीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "घरमा छत्री कसाले वं? धाबं गयस का?" (धाबं गळतंय का?)

माहेरवाशीण