घर ‘जप्त’ झालं की ‘ताबा’ गेला?

प्रश्न : गृहकर्ज थकलं की बँक वर्तमानपत्रात ‘कब्जा सूचना’ छापते, पण बातमीत तेच घर ‘जप्त’ होतं. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे का? आणि ‘फोरक्लोजर’ला मराठीत काय म्हणावं?

उत्तर : एकाच अर्थाचे नाहीत. जप्ती साधारणपणे न्यायालय करतं, हुकूमनाम्यातल्या (निकालात द्यायला लावलेल्या) रकमेच्या वसुलीसाठी. बँक २००२च्या सरफेसी कायद्याखाली न्यायालयात न जाता कारवाई करते, तेव्हा ती घेते तो ताबा, म्हणजेच सूचनेतला ‘कब्जा’. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, होतं. मग कलम १३(२)ची ६० दिवसांची मागणी नोटीस येते. तिच्यावर लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. बरेच जण ही हरकत तोंडी घेतात आणि तिथेच चुकतात. मुदत संपल्यावर कलम १३(४)खाली ताबा. कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागायचे ४५ दिवस इथून सुरू होतात, मागणी नोटिशीपासून नाही. ‘जप्त’ वाचून सगळं संपलं असं समजणारा माणूस नेमके हेच दिवस घालवतो, म्हणून या शब्दाबद्दल मी आग्रही आहे.

– सूचनेत ‘सांकेतिक ताबा’ असेल तर?

– दारावर नोटीस लागते, सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापून येते (त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं), पण माणसं घरातच राहतात. प्रत्यक्ष ताब्याला विरोध होईल असं वाटलं की बँक कलम १४खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. ताबा सांकेतिक असो वा प्रत्यक्ष, मालकी अजून कर्जदाराचीच. ती लिलाव पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्र मिळाल्यावर जाते.

– ‘फोरक्लोजर’चं भाषांतर करताना आधी वाक्य बघा. आपल्या बँकांत ‘लोन फोरक्लोज केलं’ म्हणजे मुदतीआधी सगळं कर्ज फेडलं. तिथे ‘मुदतपूर्व परतफेड’ चालेल. अमेरिकेतल्या बातमीत त्याच शब्दाचा अर्थ कर्ज थकल्यामुळे घर जाणं. आणि १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तो गहाण सोडवण्याचा हक्क कायमचा बंद करणारा हुकूमनामा. तीन अर्थांना एकच प्रतिशब्द शोधणं व्यर्थ आहे.

– ‘गहाण सोडवणे’ हा आपला जुना, नेमका प्रयोग. कागदपत्रांतल्या ‘विमोचन’पेक्षा मला तोच बरा वाटतो. फक्त त्याची मुदत आता कमी झाली आहे. पूर्वी विक्री किंवा हस्तांतरणासाठी ठरलेल्या तारखेच्या आधी सगळी रक्कम खर्चासह भरून घर सोडवता येई. सरफेसी कायद्यातल्या २०१६च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याआधीच भरावी लागते.

– ‘तारण’ आणि ‘गहाण’ही अदलाबदलीने वापरू नयेत. तारण व्यापक : सोनं, ठेवीची पावती, घर, काहीही. गहाण म्हणजे कायद्याच्या भाषेत स्थावर मालमत्तेतला हक्क. ‘नजरगहाण’ शब्द तर किती बोलका : वस्तू कर्जदाराकडेच, धनकोची नुसती नजर. वाहनकर्जाच्या कागदांत तो अजून दिसतो.

– एक राहिलं. ‘कर्जबुडवा’ आणि ‘थकबाकीदार’. नोकरी गेली म्हणून चार हप्ते चुकलेला थकबाकीदार असतो. बुडवा म्हणायला हेतू लागतो, आणि ऐपत असूनही न फेडणाऱ्यासाठी ‘हेतुपुरस्सर थकबाकीदार’ असा वेगळा वर्ग आहे. तोही बँकेने कर्जदाराला नोटीस देऊन, त्याचं म्हणणं ऐकूनच ठरवावा लागतो.