फिरणाऱ्या कंडेन्सेटच्या हॅलोत मधला भोवरा टिकत नाही

प्रश्न:
कृष्णद्रव्याचा हॅलो (दीर्घिकेभोवतीचं अदृश्य वस्तुमान) फिरतं कंडेन्सेट, म्हणजे एकाच तरंगफलनात असलेले असंख्य कण, मानून श्रोडिंगर-पॉयसाँ समीकरणं (तरंग आणि त्याचंच गुरुत्व) स्प्लिट-स्टेपने, म्हणजे गती आणि गुरुत्वाचा परिणाम आळीपाळीने लावून, सोडवतो आहे. कणाचं वस्तुमान १०⁻²² इलेक्ट्रॉनव्होल्ट, जाळी २५६³, जाळीच्या एका घराची बाजू ०.१ किलोपार्सेक, काळाचं पाऊल ५ लाख वर्षं. कणांचं आपसातलं प्रतिकर्षण शून्य. सुरुवातीला मेदुवड्यासारखं कडं: मध्यात घनता शून्य, अक्षाभोवती एका फेरीत तरंगाची फेज २π ने वाढते. काही फेऱ्यांनंतर कडं एका बाजूला झुकून फुटतं आणि न फिरणारा गोळा उरतो. वस्तुमान तर अचूक जपलं जातंय. मग कोड चुकतोय कुठे?

प्रतिसाद १:
वस्तुमानावर विसंबू नका. ही पद्धत युनिटरी आहे, म्हणजे तरंगफलनाचं एकूण माप बदलत नाही; पाऊल चुकलं तरी वस्तुमान जपलं जातंच. एकूण ऊर्जा आणि कोनीय संवेग तपासा. तुमच्या जाळीवर सर्वांत लहान तरंगाची फेज एका पावलात π च्या आत राहायची तर पाऊल साधारण १.१ लाख वर्षांच्या आत हवं. १ लाख घ्या. घर निम्मं केलंत तर पाऊल चौथाई करावं लागेल.

पण कडं तरीही फुटेल. प्रतिकर्षण नसलेला फिरता गाभा मुळातच अस्थिर आहे, कोनीय संवेग बाहेर फेकून तो शांत होतो. खात्री हवी असेल तर सुरुवातीच्या तरंगफलनात आपल्या हाताने १०⁻³ चा गोंधळ घाला, मग १०⁻⁶ चा. लॉग आलेखावर गोंधळाच्या वाढीचा चढ तोच राहून फक्त सुरुवात पुढे सरकली, तर ते भौतिकीच. हे न करता चौकोनी जाळीच्या गोंधळावर सोडलंत तर निष्कर्ष काढताच येणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
मग भोवरा टिकवायचा कसा?

प्रतिसाद २:
पुरेसं तीव्र प्रतिकर्षण घाला. एका फेरीत २π असलेला भोवरा तेव्हाच स्थिर होतो. रिंडलर-डॅलर आणि शपिरो यांनी २०१२ मध्ये अशाच हॅलोंचा हिशेब मांडला: दर कणामागे किमान एक एच-बार (प्लँकचा स्थिरांक भागिले २π) एवढा कोनीय संवेग हवा. थॉमस-फर्मी मर्यादेत, म्हणजे गुरुत्वाला मुख्यतः प्रतिकर्षणच तोलतं तेव्हा, न फिरणाऱ्या गाभ्याची त्रिज्या गाभ्याच्या एकूण वस्तुमानावर अवलंबून नसते, तेव्हा त्रिज्या ठरवली की प्रतिकर्षणाचा गुणांक ठरला. भोवऱ्याचा गाभा मात्र त्याहून बराच बारीक असतो, त्याला चार-पाच घरं तरी मिळू द्या.

भोवरा शोधताना वेग काढू नका. अक्षाजवळ घनता अंतराच्या वर्गाने घटते, वेग एक भागिले अंतराने वाढतो, म्हणून जवळजवळ शून्य घनतेने केलेला भागाकार फुटतो. चार घरांभोवती फेजचे फरक −π ते π मध्ये आणून बेरीज करा: २π आली की भोवरा.