सुई कोणाची?

सचिव, १०१: सगळ्यांनी वाचा. घंटागाडीवरच्या ताईंच्या बोटात आज सुई घुसली. आपल्याच सुक्या कचऱ्याच्या पिशवीतली. वाहत्या पाण्याखाली साबणानं बोट धुवायला लावलं अन् लगेच मेयो हॉस्पिटलात नेलं. एचआयव्हीची लागण रोखायचं औषध द्यायचं का ते डॉक्टर ठरवतात, पण द्यायचं तर ७२ तासांच्या आतच, म्हणून थांबलो नाही.

२०४: बाप्पा! कोणाची होती?

सचिव: ते नको शोधत बसू. इन्सुलिन पाच घरांत आहे.

काकू, ३०२: भाऊ, माझीच असेल. मी टोपण लावून टाकते, वाटे तेवढं पुरे. फार वाईट वाटून राहिलं.

सचिव: काकू, टोपण परत लावतानाच हाताला टोचते. कपडे धुवायच्या लिक्विडची जाड बाटली घ्या, सुई सरळ त्यात. पाऊण भरली की झाकणावर टेप अन् वर मोठ्या अक्षरात 'सुया'.

४०३: एवढं काहून करायचं? टॅक्स भरतो ना आपण.

सचिव: भरतो जी. पण घनकचरा नियमांत २०१६ पासूनच हे घरात वेगळं ठेवायला सांगितलं आहे. सुया, मुदत संपलेली औषधं, रंगाचे अन् कीटकनाशकाचे डबे, बॅटऱ्या, ट्यूबलाइटच्या ट्यूबा. एका पिशवीत कोंबलं की ज्याचा हात आत जाते, त्यालाच लागते.

२०५: माझ्या ड्रॉवरमध्ये फुगलेली मोबाइलची बॅटरी आहे 🙈

सचिव: आजच काढ. दाबू नको, भोक पाडू नको. टोकांना टेप लावून कोरड्या रेतीच्या डब्यात ठेव अन् ई-कचरा घेणाऱ्याकडे दे. बाल्कनीत तर ठेवूच नको, मे महिन्यातलं ऊन माहीत आहे ना. अशी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेटू शकते.

४०३: कूलर काढताना माळ्यावर तीन जुन्या ट्यूबा सापडल्या. पोत्यात फोडून देतो, जागा कमी लागते.

सचिव: अरे नको! पारा असते त्यात. चुकून फुटलीच तर पंखा, कूलर बंद कर, खिडक्या उघड, पोरांना बाहेर काढ. झाडू मारायचा नाही, पारा आणखी पसरते. पुठ्ठ्यानं गोळा कर, ओल्या कागदानं पूस, सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत.

काकू, ३०२: ताई कशा आहेत आता?

सचिव: घरी पोचल्या. दोन दिवस येणार नाहीत.

४०३: ट्यूबा पार्किंगमध्ये ठेवल्या. अख्ख्याच आहेत.

सचिव: तिथं नको जी, संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. माझ्या दारापाशी आण.