मदत हवी आहे : मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा कोणी काढलाय का?

नमस्कार मंडळी. मी रावेरचा, नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण काम गेली तीन वर्षं घरूनच. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की लॅपटॉपखाली ओला टॉवेल ठेवून कॉल घेतो (हसू नका, उपयोग होतो). म्हणून बायको आणि मी प्रीमियम व्हिसावर (तिथे राहून बाहेरच्या कंपनीचं काम ऑनलाइन करायचा व्हिसा) वर्षभर मॉरिशसला राहून काम करायचं म्हणतोय.

बाली आधीच बाद केलं. तिथल्या रिमोट वर्कर व्हिसाला वर्षाला ६०,००० डॉलर उत्पन्न लागतं, आपलं काम नाही. मॉरिशसला महिन्याला १,५०० डॉलर पुरतात, व्हिसाला फी नाही आणि मुदत एक वर्षाची. शिवाय घड्याळ दीडच तास मागे, म्हणजे नऊच्या मीटिंगला तिथे साडेसात.

अडचण अशी की माझा पगार रुपयांत. रुपयांची पगारपत्रकं आणि बँक स्टेटमेंट चालली का? कंपनीच्या पत्रात नेमकं काय लिहून घेतलंत? आमच्या एचआरने दोनदा फक्त ‘परवानगी आहे’ एवढंच लिहून दिलंय.

दुसरं, टॅक्स. तिथे १८३ दिवस झाले की तिथले रहिवासी धरतात, आणि इथे टीडीएस कापला जातोच. दोन्हीकडचं रिटर्न भरलेलं कोणी असेल तर कृपया सविस्तर सांगा. आमचे सीए नुसते ‘बघू’ म्हणतात.

वडील म्हणतात, समुद्र ओलांडून केळीच बघायची तर आपला मळा काय वाईट? त्यांना काय सांगू, तेही सुचवा.