युद्धविराम झाला, तरी फौजी घरांतली धास्ती जात नाही

कृष्णाकाठ
साताऱ्याकडच्या गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांच्या वतीने विचारतेय. 7 ते 10 मे 2025 ची भारत-पाकिस्तान धुमश्चक्री थांबून दोन आठवडे झाले, पण जम्मू-पठाणकोटकडे माणूस असलेल्या घरांत बायका अजून झोपत नाहीत. टीव्ही दिवसभर चालू, मोबाइल उशाखाली, कुकरची शिट्टी झाली तरी दचकतात. पोरं अंथरूण ओलं करायला लागलीत. हा आजार म्हणायचा का? काहीजण मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणतायत.

रातवा
एवढ्यात आजाराचा शिक्का नको. लक्षणं महिनाभर टिकल्याशिवाय पीटीएसडीचं, म्हणजे भीषण प्रसंगानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराचं, निदान करत नाहीत. त्रास मात्र खराच.

आधी टीव्ही. 2013 च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटानंतर जे आठवडाभर रोज सहा तास किंवा जास्त बातम्या बघत होते, त्यांच्यात स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त ताण आढळला होता. पण एकदम बंद करायला लावू नका, माणूस व्हॉट्सॲपकडे वळतो. मे महिन्यात तिथे गाझाचे जुने व्हिडिओ आणि गेममधली दृश्यंसुद्धा 'आत्ताचं' म्हणून फिरत होती. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं आकाशवाणी किंवा पेपर पुरे. झोपायच्या आधी तासभर काहीच नको. सहा-सात वर्षांच्या आतल्या पोरांना तोच धूर दहादा दिसला की स्फोट दहादा झाला असं वाटतं.

वाटसरू
गोळ्यांना ठाम नाही म्हणा. अल्प्राझोलामसारखी झोपेची-शामक औषधं पहिल्या महिन्यात अशा ताणासाठी देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच सांगितलंय. सवय लागते, म्हाताऱ्या रात्री उठताना पडतात. आधीपासून चालू असेल तर मात्र स्वतःहून तोडू नका, डॉक्टरांकडून कमी करून घ्या.

श्वास शिकवा, पण नीट. नाकाने चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. 'मोठा श्वास घ्या' म्हटलं की लोक भराभर ओढतात. कार्बन डायऑक्साइड घटून बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि अटॅक आला म्हणून घर गोळा होतं. सराव दुपारी, शांत असताना. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बसायचं.

रातवा
खरी धास्ती बॉम्बची नाही, न आलेल्या फोनची आहे. म्हणून रजेवर आलेल्या माणसाशी बसून ठरवून घ्या: फोन बंद म्हणजे ड्युटी. बातमी युनिटकडूनच खरी मानायची. फोन घरात एकानेच घ्यायचा, त्याला वेगळी रिंगटोन. उशाखालचा मोबाइल दुसऱ्या खोलीत, आवाज मोठा करून. हातात असला की रात्रभर उघडून बघणं चालू राहतं.

कृष्णाकाठ
देवळात सगळ्यांना जमवून मन मोकळं करायला लावायचं चाललंय.

वाटसरू
नको! एकाच बैठकीत जबरदस्तीने बोलायला लावून फायदा होत नाही, काहींना उलट त्रास वाढतो. हळदीकुंकू, भजन करा. बोलायचं असेल तो बोलेल. ओलं अंथरूण गुपचूप बदला, रागावू नका.

महिना उलटूनही स्वयंपाक, शेत, शाळा अडली, तर 14416 वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीत. फौजी कुटुंबांसाठी पुण्यात एएफएमसीमध्ये (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) टेली-मानसचा स्वतंत्र कक्षही आहे. 'जगून काय करू' असं कोणी म्हणालं तर महिन्याची वाट बघायची नाही: त्याच दिवशी फवारणीची औषधं कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि फोन तिथूनच लावायचा.