मदत हवी आहे (तातडीची): एकाच बंदुकीचे दोन फोटो जुळत नाहीत

रानपाखरू: दिवाळी अंकासाठी व्हिएतनाम युद्धावर लेख लिहितोय. उद्या संध्याकाळी मजकूर द्यायचाय. दोन फोटो आहेत, दोन्हींखाली बंदुकीचं नाव एकच, पण बंदुका अजिबात सारख्या दिसत नाहीत. संपादक म्हणतात, एका फोटोखालची ओळ चुकलीय, तो काढा. कोणता चुकीचा, एवढंच सांगा. प्लीज लवकर.

जुना_कॅडेट: अहो, पण बंदूक कोणती? फोटोही दिसत नाहीत.

रानपाखरू: स्टोनर ६३. फोटो प्रताधिकारामुळे इथे टाकता येत नाहीत.

कोकणकडा: एकाच बंदुकीची दोन रूपं म्हणजे जर्मनांची एमजी ३४ आधी वाचा. बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) हलकी मशीनगन, ट्रायपॉडवर (तीन पायांच्या) भारी. दुसऱ्या महायुद्धात त्यांचं पायदळ याच कल्पनेवर लढलं. स्टोनरने नवीन काही केलं नाही.

तोफखाना: असहमत. ट्रायपॉडवर चढवली तरी एमजी ३४ मशीनगनच राहते. स्टोनरमध्ये रिसीव्हर (बंदुकीचा मधला मुख्य सांगाडा) तोच ठेवून बॅरल, दस्ता, गोळ्या आत सरकवणारे फीडचे भाग बदलले की रायफल होते, कार्बाइन (आखूड रायफल) होते, वरून मॅगझिन लावायची ऑटोमॅटिक रायफल होते आणि बेल्टवर (गोळ्यांच्या पट्ट्यावर) चालणारी मशीनगनही होते. यूजीन स्टोनर म्हणजे एआर-१५ रायफल घडवणारा माणूस, ही बंदूक त्याने नंतर कॅडिलॅक गेज कंपनीत केली.
रानपाखरू, फोटोत मॅगझिन कुठे आहे? सैनिक कोणत्या दलाचे? साल?

रानपाखरू: पहिला १९६७ चा, अमेरिकेच्या मरीन दलाचे सैनिक, मॅगझिन खाली. दुसऱ्यात साल नाही. नेव्ही सीलचा (अमेरिकी नौदलाच्या खास कमांडो दलाचा) जवान नावेत बसलाय, बंदुकीला गोल डबा आणि बेल्ट.

जुना_कॅडेट: वरून मॅगझिन म्हटल्यावर आमची एलएमजी (हलकी मशीनगन) आठवली! एनसीसीच्या कॅम्पात पाहिली होती, ब्रेन या जुन्या ब्रिटिश मशीनगनवरूनच ७.६२ मिमी गोळीची केलेली. मॅगझिन मधे येतं म्हणून तिची साइट (नेम धरायची खूण) डावीकडे सरकवलेली असते.

शब्दवेडी: संपादकांना मजकूर युनिकोडमध्येच पाठवा. जुन्या फॉन्टमधून बदलताना जोडाक्षरं फुटतात, गेल्या वर्षी माझी अख्खी कथा बिघडली.

कोकणकडा: स्टोनर इतकी चांगली होती तर अमेरिकेने सगळ्या सैन्याला का दिली नाही? जेमतेम साडेतीन-चार हजार बनल्या. सैन्याची नेहमीची एम-६० मशीनगन युद्धाच्या शेवटपर्यंत टिकली.

तोफखाना: कारण ती निगा मागते. साध्या शिपायाच्या हाती चिखलात द्यायला अवघड, हे मान्य. पण सील व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या खाड्यांतून सहा-सात जणांच्या तुकडीने जात. एम-६० साडेदहा किलोची, स्टोनर साधारण निम्म्या वजनाची. शिवाय गोळी लहान, ५.५६ मिमीची, म्हणजे तेवढ्याच ओझ्यात जास्त गोळ्या. ते ती जिवापाड जपत आणि १९८० च्या दशकापर्यंत त्यांनी ती वापरली. मोजक्या माणसांच्या कामाची बंदूक म्हणजे फसलेली बंदूक नव्हे.

रानपाखरू: वाद नंतर घाला हो! फोटो कोणता काढू?

तोफखाना: एकही काढू नका. १९६७ मध्ये मरीनच्या तिसऱ्या बटालियनची (पहिली मरीन रेजिमेंट) लिमा कंपनी याच बंदुका घेऊन व्हिएतनाममध्ये लढली, लढाईतली चाचणी म्हणून. तुमचा पहिला फोटो त्यांचा असण्याची शक्यता आहे, पण ओळीत कंपनीचं नाव नसेल तर तुम्ही घालू नका.
आता दोन्ही फोटोंत बॅरलला लागून जाणारी बारीक गॅसची नळी शोधा (गोळी सुटताना होणारा गॅस तिच्यातून मागे येऊन बंदूक चालवतो). रायफलमध्ये ती बॅरलच्या वर असते, मशीनगनमध्ये खाली. रिसीव्हर उलटा करून बसवतात म्हणून हा फरक. दोन बंदुका वेगळ्या वाटतात त्या यामुळेच.

रानपाखरू: भिंग घेऊन बसलो होतो. मरीनच्या हातातलीत नळी वर आहे, पुढच्या साइटपर्यंत स्पष्ट दिसते. नावेतल्यात जवानाचा डावा हात मधे आलाय, पण बोटांच्या पुढे दोन नळ्या दिसतात, खालची बारीक! तोफखाना, मनापासून आभार. दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापायला सांगतोय, खाली नळीबद्दल दोन ओळी लिहून.

कोकणकडा: लिहा, पण एमजी ३४ चा एक परिच्छेद घालाच.

जुना_कॅडेट: ब्रेनचाही.

शब्दवेडी: युनिकोडचं बघितलंत का?